गॅस शेगडी, घरगुती : मांडणी व वायुवीजन

ज्वलनशील वायू हवेत मिसळून ज्वालकात जाळणाऱ्या व त्या ज्योतीवर अन्न शिजविण्याची सोय असलेल्या उपकरणाला गॅस शेगडी म्हणतात. लाकूड, गोवऱ्या, कोळसा किंवा रॉकेल यांच्या तुलनेने हिच्यातील ज्वलन जवळजवळ धूररहित असते. ज्योत तत्काळ पेटते व हवी तेवढी कमीजास्त करता येते. तथापि या शेगडीबरोबर इंधनाचा साठा किंवा इंधनवाहिनी घरात येते आणि ज्वलनासाठी लागणारी हवा स्वयंपाकघरातूनच घेतली जाते. त्यामुळे सुरक्षितता ही शेगडीच्या बनावटीइतकीच ती कोठे व कशी बसविली आहे, तसेच खोलीत हवा कोठून येते व कोठून बाहेर जाते, यांवर अवलंबून असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या दुसऱ्या बाजूचा विचार केला आहे.

इंग्लंडमध्ये जेम्स शार्प यांनी १८२६ मध्ये गॅस शेगडीचे एकस्व (पेटंट) मिळविले. १८५५ च्या सुमारास हायडलबर्ग येथे रोबेर्ट बन्सन यांनी प्रचारात आणलेल्या ज्वालकात वायू पेटण्यापूर्वीच त्यात काही हवा मिसळण्याची युक्ती होती. आजच्या सर्व घरगुती शेगड्या याच तत्त्वावर चालतात. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये दगडी कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे लागले. तुर्भे येथील तेल शुद्धीकरण कारखाने १९५४-५५ मध्ये सुरू झाल्यावर सिलिंडरात भरलेला द्रवरूप खनिज तेल वायू शहरांतील घरांत येऊ लागला. इंडियन ऑइल कंपनीने आपला ‘इंडेन’ गॅस १९६५ मध्ये ग्राहकांना देण्यास सुरुवात केली. मुंबईत नळाने नैसर्गिक वायू पुरविण्यासाठी १९९५ मध्ये महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली, तर २०१६ च्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे सिलिंडर खेड्यांतील एकखणी घरांतही पोहोचला.

वायूंचे गुणधर्म : घरात वापरले जाणारे दोन्ही वायू ग्राहकाच्या बोलण्यात केवळ ‘गॅस’ असले, तरी सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांच्यात मोठा फरक आहे. सिलिंडरातील वायू हा मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण होय. दाबाखाली तो द्रवरूपात राहतो. बाहेर पडताच त्याचे बाष्प होते आणि द्रवाच्या एका घनफळापासून सु. २५० घनफळे वायू तयार होतो. प्रोपेनाची घनता हवेच्या सु. दीडपट, तर ब्युटेनाची सु. दुप्पट असते. म्हणून गळालेला वायू पाण्याप्रमाणे खाली उतरतो, जमिनीलगत पसरतो, मोरीत व नाल्यात शिरतो आणि खोलगट जागी साचून राहतो. नळाने येणारा नैसर्गिक वायू जवळजवळ संपूर्णपणे मिथेन असतो. त्याची घनता हवेच्या सु. ०.६ पट असल्याने तो वर चढतो व छताखाली साचतो. सिलिंडरातील वायू हवेत सु. १.८ ते ९.५ टक्के या प्रमाणात असताना मिश्रण पेट घेऊ शकते. नैसर्गिक वायूच्या बाबतीत हे प्रमाण सु. ५ ते १५ टक्के आहे.

एकाच स्वयंपाकघरात पूर्वी सिलिंडर होता व आता नळाचा वायू आला, तर हवा खेळती ठेवण्याची जागाही तपासून पाहावी लागते. सिलिंडरासाठी दाराखालची फट किंवा जमिनीलगतची जाळी उपयोगी पडते. नैसर्गिक वायूसाठी छताजवळचा झरोका आवश्यक असतो. नव्या जोडणीच्या वेळी नळ, मापक व झडपा यांची तपासणी काळजीपूर्वक होते. परंतु झरोक्याचा विचार बहुधा कोणी करीत नाही.

दोन्ही वायूंना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. एथिल मरकॅप्टनासारखे उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळून त्यांना वास दिलेला असतो. अमेरिकेतील टेक्सस राज्यात न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी वासरहित नैसर्गिक वायू साचून झालेल्या स्फोटात सु. ३०० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर वायूला वास देण्याची सक्ती करण्यात आली. तथापि वासावर पूर्णपणे विसंबणे योग्य नाही. थोड्या वेळात नाक त्या वासाला सरावते, वृद्धापकाळी घ्राणशक्ती मंदावते आणि जमिनीलगत पसरलेला जड वायू उभ्या असलेल्या माणसाच्या नाकापर्यंत लवकर येत नाही.

गळतीचे गणित : ३ मी. लांब, २.५ मी. रुंद व ३ मी. उंच अशा स्वयंपाकघरात २२.५ घ.मी. हवा असते. तिच्यात १.८ टक्के, म्हणजे सु. ०.४ घ.मी. वायू समप्रमाणात मिसळला, की सर्व खोली स्फोटक होते. हा वायू वजनाने एक किलोग्रॅमपेक्षाही कमी भरतो. भरलेल्या घरगुती सिलिंडरात १४.२ किग्रॅ. वायू असतो हे लक्षात घेता यासाठी सिलिंडर फुटण्याची मुळीच गरज नाही. साधारण घरगुती ज्वालकातून ताशी सु. १५० ग्रॅ. वायू बाहेर पडतो असे धरले, तर दूध उतू जाऊन किंवा वाऱ्याने विझलेल्या एका ज्वालकाचा कॉक रात्री दहा वाजता उघडा राहिल्यास पहाटे सहापर्यंत १.२ किग्रॅ. वायू खोलीत येईल. शिवाय वायू समप्रमाणात न मिसळता तळाशी साचत असल्याने जमिनीलगतचा थर त्याच्या कितीतरी आधी पेट घेण्याजोगा होतो. पहाटे दिवा लावताना बटणात पडणारी ठिणगी, शीतकपाट चालू-बंद करणाऱ्या स्विचातील ठिणगी किंवा शेजारी पेटविलेला बंब यांपैकी काहीही मग पुरेसे ठरते. रात्री निजण्यापूर्वी केवळ शेगडीचा कॉक बंद न करता सिलिंडरावरील रेग्युलेटरही बंद करावा असे सांगतात, त्यामागे हे गणित आहे. झडप, नळी व कॉक या तीन ठिकाणच्या गळतीपैकी शेवटच्या दोहोंना त्यामुळे एकदमच आळा बसतो.

जोडणीतील एखादा क्षुल्लक भागही किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण म्हणून लंडनच्या पूर्व भागातील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीच्या दुर्घटनेचा उल्लेख करतात. १६ मे १९६८ रोजी पहाटे अठराव्या मजल्यावरील एका रहिवासी स्त्रीने चहासाठी शेगडी पेटविण्याकरिता काडी ओढली आणि साचलेल्या वायूचा स्फोट झाला. स्फोट फार तीव्र नव्हता. तथापि त्याने बाहेरील भिंतीची तावदाने उडाली आणि आधार गेल्यामुळे इमारतीचा एक संपूर्ण कोपरा मजल्यामागून मजला असा कोसळला. चौघांचा मृत्यू झाला. शेगडी वायुनळीला जोडणारी पितळी चाकी (नट) निकृष्ट प्रतीची असून ती तुटल्याने गळती झाली, असे चौकशीत आढळले. इमारतीच्या रचनेतील दोष हा या दुर्घटनेचा अधिक गाजलेला भाग असला, तरी आरंभ झाला तो चाकीपासूनच.

सिलिंडर, नळी व शेगडी यांची मांडणी : सिलिंडर नेहमी उभा ठेवतात. तो आडवा केल्यास बाष्पाऐवजी द्रव रेग्युलेटरात जातो व तेथून नळीत येऊ शकतो. सिलिंडरातील दाब वातावरणीय दाबाच्या अनेक पट असतो. रेग्युलेटर तो दर चौ.सेंमी.ला सु. ३० ग्रॅ. इतका खाली आणतो आणि शेगडीची सर्व रचना याच दाबासाठी केलेली असते. सिलिंडर जमिनीच्या पातळीवर ठेवावा. तळघरात, खड्ड्यात किंवा सांडपाण्याच्या उघड्या मोरीलगत ठेवू नये. शेगडी सिलिंडराच्या वरच्या टोकापेक्षा अधिक उंचीवर, दगडी किंवा अन्य न जळणाऱ्या ओट्यावर असावी. जड वायू खाली उतरतो व ज्योत वर राहते, हा त्यातील हेतू होय.

ओट्याखाली लाकडी दारांचे बंद कपाट करून त्यात सिलिंडर ठेवण्याची पद्धत अलीकडे फार रूढ झाली आहे. स्वयंपाकघर नीटनेटके दिसते हे खरे. परंतु झडपेतील रबरी कडे झिजून होणारी बारीक गळती मोकळ्या जागी विरून गेली असती, ती अशा कपाटात साठत राहते. दाराच्या तळाशी व वरच्या बाजूला मोठ्या जाळ्या ठेवल्याखेरीज अशी कपाटे करू नयेत. सिलिंडर घराबाहेर, सज्जात किंवा भिंतीलगतच्या जाळीदार कोनाड्यात ठेवून तेथून धातूच्या नळीने वायू आत आणणे हा त्याहून चांगला उपाय आहे.

रबरी नळी भारतीय मानकाचे चिन्ह असलेली, शक्य तितकी आखूड व फार तर १.५ मी. लांब असावी. ती दोन तुकडे जोडून लांबवू नये, भिंतीतून वा ओट्याच्या दगडाखालून दडवून नेऊ नये आणि ज्वालकाच्या झळीत येऊ देऊ नये. पूर्वीच्या साध्या रबरी नळ्यांच्या जागी आता तारेची जाळी असलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळी वापरतात. ती पाच वर्षांनी बदलावी लागते. नळीवर कापडाचे किंवा प्लॅस्टिकाचे आवरण घालण्याची हौस मात्र घातक आहे, कारण त्याखालच्या भेगा व उंदरांनी कुरतडलेला भाग दिसत नाही. जोडांची तपासणी साबणाच्या पाण्याने करतात. बुडबुडे आल्यास गळती आहे असे समजावे. पेटत्या काडीने गळती शोधण्याचा प्रकार अजूनही अधूनमधून आढळतो व त्याचे परिणाम वेगळे सांगावयास नकोत.

शेगडी खिडकीसमोर येऊ नये. वाऱ्याच्या झोताने ज्योत विझते व वायू वाहत राहतो. खिडकीला पडदे असल्यास ते पेट घेऊ शकतात. शेगडीच्या मागे व बाजूंना भिंतीपर्यंत थोडी मोकळी जागा सोडतात आणि तिच्या थेट वर लाकडी फडताळ करीत नाहीत. ज्योत विझताच वायू आपोआप बंद करणारी योजना काही शेगड्यांत असते. तीत ज्योतीने तापलेल्या तपयुग्मामुळे झडप उघडी राहते व ते निवताच ती मिटते. किंमत थोडी अधिक असली, तरी वृद्ध माणसे एकटी राहत असलेल्या घरी अशी शेगडी घेणे श्रेयस्कर होय.

जमिनीवर बसून स्वयंपाक करण्याची रीत असलेल्या घरांत वेगळी अडचण उद्भवते. तेथे शेगडी व सिलिंडर दोन्ही जमिनीवर शेजारीशेजारी असतात आणि त्याच खोलीत भाकरीसाठी किंवा पाणी तापविण्यासाठी चूलही पेटत असते. गळालेला वायू ज्या थरात पसरतो, नेमक्या त्याच थरात उघडी ज्योत असते. अशा घरी विटा-मातीचा का होईना, गुडघ्याहून उंच व सिलिंडराच्या माथ्यावर येणारा कट्टा बांधणे हे पहिले काम समजावे. सिलिंडर व चूल यांना एका खोलीत ठेवणे सर्वथा टाळावे.

ज्वलन व हवा : ज्वालकाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून (जेटमधून) वायू वेगाने येताना आपल्याबरोबर हवा ओढून घेतो, ही प्राथमिक हवा होय. उरलेली दुय्यम हवा ज्योतीला सभोवतालून मिळते. दोन्ही पुरेशा असतील, तर ज्योत निळी, स्थिर व आत सुस्पष्ट शंकू असलेली दिसते. ज्योत पिवळी पडून भांड्यांना काजळी धरू लागली, तर हवा अपुरी आहे किंवा ज्वालकाची छिद्रे बुजली आहेत असे समजतात. ज्योत ज्वालकापासून सुटून वर उचलली जात असेल, तर हवेचे प्रमाण किंवा दाब अधिक असतो [⟶ ज्वलन].

सिलिंडरातील एक किलोग्रॅम वायूच्या पूर्ण ज्वलनातून सु. ३ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड व सु. १.५ किग्रॅ. पाण्याची वाफ तयार होते आणि त्यासाठी सु. १२ ते १३ घ.मी. हवा खर्च होते. वर घेतलेल्या खोलीतच दोन ज्वालक तासभर जळले, तर सु. ३०० ग्रॅ. वायू लागेल. खोली अगदी हवाबंद असल्यास तेवढ्यात कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण २ टक्क्यांवर जाईल आणि ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून सु. १७ टक्क्यांवर येईल. प्रत्यक्षात दारेखिडक्यांच्या फटींतून थोडी हवा येतेच. तथापि वातानुकूलनासाठी सर्व फटी बुजविलेल्या सदनिकांत या आधाराची खात्री देता येत नाही. ऑक्सिजन घटू लागला, की ज्वलन अपूर्ण राहते व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग किंवा वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. डोके दुखणे, मळमळणे, पायांतील बळ जाणे ही त्याची लक्षणे अपचनाची किंवा थकव्याची समजली जातात आणि माणूस खिडकी उघडण्याऐवजी आडवा होतो.

ज्योत निळी असली म्हणजे सर्व ठीक आहे, ही समजूतही अपुरी आहे. उच्च तापमानाला हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने नायट्रोजनाची ऑक्साइडे निर्माण होतात व ती उत्तम ज्वलनातही टळत नाहीत. त्यांपैकी नायट्रोजन डाय-ऑक्साइडाने श्वासनलिका चुरचुरतात व दम्याच्या रोग्यांना त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची २४ तासांची सरासरी मर्यादा दर घ.मी. हवेत २५ मायक्रोग्रॅम इतकी ठरविली. फोडणीचा व तळणीचा धूर यात आणखी भर घालतो.

वायुवीजनाची साधने : भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वयंपाकघराचे क्षेत्रफळ निदान ५ चौ.मी. व रुंदी निदान १.८ मी. असावी. खिडक्यादि उघाडीचे क्षेत्रफळ कोकणासारख्या उष्ण व दमट हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश असावे आणि स्वयंपाकघराच्या बाबतीत ते २५ टक्क्यांनी वाढवावे, अशी तरतूद आहे. म्हणजे ७.५ चौ.मी.च्या खोलीला सु. १.६ चौ.मी. उघाड हवी. ती खुल्या हवेत उघडली पाहिजे. केवळ दिवाणखान्यात उघडणारे दार हिशेबात धरता येत नाही.

उघाडीच्या आकारापेक्षा तिच्या जागेला महत्त्व अधिक आहे. ज्वलनातून निघणारे वायू उष्ण असल्याने वर जातात, म्हणून बाहेर जाण्याची वाट छताजवळ हवी. ताजी हवा खालून यावयास हवी. सिलिंडराच्या घरात ही खालची वाट गळालेल्या जड वायूलाही बाहेर नेते, म्हणून ती दुहेरी उपयोगाची ठरते. एकच मोठी खिडक असण्यापेक्षा समोरासमोर एक खाली व एक वर अशा दोन लहान उघाडी चांगल्या. थंडीत, किंवा ज्योत हलते म्हणून, दोन्ही बुजविण्याचा मोह होतो. त्यावर शेगडीची जागा बदलणे हा खरा उपाय आहे.

एक्झॉस्ट पंखा दारासमोरच्या भिंतीत, छतालगत बसवितात. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी कोठून तरी आत आली पाहिजे. सर्व बंद करून लावलेला पंखा नुसताच घरघरतो. शेगडीवरील चिमणी ज्वालकांच्या वर सु. ६५ ते ७५ सेंमी. अंतरावर असावी व तिचा नळ सरळ, आखूड आणि बाहेर उघडणारा असावा. नळ नसलेली, हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी तेलाचे कण व काही प्रमाणात वास अडविते. कार्बन मोनॉक्साइड व बाष्प यांवर तिचा उपयोग होत नाही. येथे हेही लक्षात ठेवावयास हवे, की जमिनीवर पसरलेला सिलिंडरातील वायू उंचावरील पंखा वा चिमणी बाहेर काढू शकत नाही. उलट वास येत असताना पंखा लावल्यास बटणातील किंवा चलित्रातील ठिणगीच स्फोटाचे कारण होते.

याच संदर्भात गॅस गीझराचा उल्लेख करणे अवश्य आहे. महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत लहान स्नानगृहात त्यामुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या वरचेवर येतात. गीझरात शेगडीच्या कित्येक पट वेगाने वायू जळतो आणि स्नानगृह स्वयंपाकघरापेक्षा लहान व अधिक बंदिस्त असते. म्हणून गीझर स्नानगृहाच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून आत केवळ गरम पाण्याचा नळ न्यावा.

वायू बदलताना : नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरापासून मिळणारी उष्णता सिलिंडरातील वायूच्या सु. एक तृतीयांश असते व घरात तो सु. २१ मिलिबार दाबाने येतो. म्हणून त्यासाठी जेटचे छिद्र मोठे लागते. नळजोडणी घेताना कंपनीचे कारागीर जेट बदलून देतात. अडचण येते ती गाव बदलून तीच शेगडी पुन्हा सिलिंडराला जोडताना. मोठ्या छिद्रातून जड वायू अतिरिक्त प्रमाणात येऊन लांब, पिवळी व काजळी धरणारी ज्योत निघते. जेट बदलल्याखेरीज अशी शेगडी वापरू नये.

गळतीचा वास आल्यास : सर्व ज्योती विझवाव्यात, रेग्युलेटर बंद करून काढावा व झडपेवर सुरक्षा टोपण बसवावे. दारेखिडक्या हाताने उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण लावू किंवा बंद करू नये, कारण ठिणगी दोन्ही क्रियांत पडते. दूरध्वनीही घराबाहेर जाऊन करावा. गळती झडपेतूनच असेल, तर सिलिंडर उघड्या जागी, गटार व ज्योतीपासून दूर नेऊन उभा ठेवावा. जमिनीलगतचा वायू केरसुणीने वा ओल्या कापडाने दाराबाहेर लोटण्याची जुनी रीत आहे. दार उघडे असल्यास ती काहीशी उपयोगी पडते. नळाच्या वायूच्या बाबतीत मापकाजवळील मुख्य झडप बंद करावी व वरच्या खिडक्या आधी उघडाव्यात. सिलिंडरातील वायूच्या गळतीसाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक २०१६ पासून देशभर उपलब्ध आहे.